वेलांटी

डॉक्टर खिंवसरा म्हणाले, जे येतंय ते लिहून काढा.
आमच्याकडे काढा म्हणजे गवती चहा, आलं, चार मिरी,
उकळून निम्मा करायचा.

बसले. रात्रीचे पावणेअकरा.
लाइटबिलाची कोरी पाठ आणि लाल पेन,
कारण निळ्यानं मला आता काही सुचत नाही.
बावीस वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात
दुसऱ्यांची वाक्यं लाल करत आलेय.

पहिली ओळ : छातीत एक पाखरू फडफडतं.
खोडली.
पाखरू कुठलं! असलाच तर पारवा,
डक्टमध्ये घुमणारा,
जाळी बसवली तेव्हा आतच राहिलेला.
तेही खोडलं. फार सुबक झालं.

शाळेत फळ्यावर सुविचार असायचा :
चिता आणि चिंता, फरक एका टिंबाचा.
लिहिणाऱ्यानं कधी टिंबं तपासून पगार घेतला नसावा.
कागदावर बसलेलं चिलटसुद्धा टिंब होतं.
मी त्याहून मोठं चुकलेय.
एका लग्नपत्रिकेत मुहूर्त बाराचा,
माझ्या हातून अकरा गेला.
कोणी रागावलं नाही. लोक तासभर आधी आले,
पन्हं प्याले, सोयरिकी जुळवल्या.
मशीनवरचे बागवानचाचा म्हणाले,
ताई, अक्षता काय, कधीही पडतात.
मी मात्र अजून त्या हॉलवर लवकर पोचते,
रोज, पहाटे साडेतीनला.
खुर्च्या मांडायच्या असतात.

बरं, शब्द कोणता घ्यावा?
हुरहूर म्हणावं तर तिच्यात थोडी गोडी असते.
धास्तीला कारण लागतं.
घोर हा सासूबाईंचा शब्द, त्यांच्याबरोबर गेला.
डॉक्टरांचा शब्द फाइलवर शोभतो,
पण तो उच्चारला की मला वाटतं
दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट वाचतेय.

(मध्येच उठून गॅस पाहून आले.
नॉब आडवा. बंद.
हे कवितेत घ्यायचं का?)

ओजस हिंजवडीहून नऊ चाळीसला निघालाय.
वाकड, बाणेर, सूस, बावधन,
प्रत्येक वळणावर मीच ब्रेक दाबते, ओट्यापाशी उभी राहून.
चांदणी चौकातल्या नव्या रॅम्पवर
मॅपसुद्धा गोंधळतो,
आणि हा पोरगा मॅप लावत नाही.
फोन उचलला नाही की एक भीती.
उचलला की दुसरी : गाडी चालवताना उचलला.

(पुन्हा पाहून आले. आडवाच.)

बिलावर आता ओळी कमी, खोडाखोड जास्त.
हा काढा निम्मा नाही,
तळाला लागेपर्यंत आटलाय.

शेवटी कविता ठेवली बाजूला,
त्याला मेसेज टाकला : हळू ये. काळीज घे.

गेल्यावर दिसलं.
काळजी लिहायचं होतं.
ज-ची वेलांटी एक घर मागे सरकून ळ-ला लागली.
बावीस वर्षांत असलं काही नजरेतून सुटलं नव्हतं.
बोट स्क्रीनवर दाबून धरलं,
सगळ्यांसाठी डिलीट करायचं का, विचारत होता फोन.

मोजलं. अक्षरं तीन, तीच.
काना आहे. वेलांटी आहे.
कमी काहीच नाही, नुसती जागा बदललीय.
एवढ्याशा सरकण्यात इतकी वर्षं
मी कुठे राहत होते?

नाही, म्हटलं फोनला. राहू दे.

दहाव्या मिनिटाला दोन निळ्या खुणा,
म्हणजे थांबलाय कुठेतरी,
पाय जमिनीवर आहेत.
उत्तर : ओके. भात नको, पोळ्या आहेत का?
त्याला चूक दिसलीच नाही.
मराठी माध्यमात घालायला हवं होतं.

फ्रिजमधून कणीक काढली,
तवा ठेवला, काडी ओढली.
आता गॅस चालू आहे, हे नक्की.